अनुभवी शालेय ग्रंथपाल : दर्जा कोणी ठरवायचा?

(संस्थेच्या शिक्षक-मेळाव्यात, लकडगंज, नागपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा मी ‘शालेय ग्रंथपाल’ हा विषय सांगितला. काहींना थोडे आश्चर्य वाटले. मी वर्गावर शिकवणारा शिक्षक, बी.ए., बी.एड. झालेला. ग्रंथालयशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. मग ग्रंथपालांची वकिली मी का करावी? उत्तर सरळ आहे. ग्रंथपालाने आपल्या दर्जाविषयी तोंड उघडले की ती पगारवाढीची मागणी ठरते. शिक्षकाने तोच विषय काढला तर निदान मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न म्हणून तो ऐकला जाईल. आणि खरे पाहता तो मुलांच्याच शिक्षणाचा प्रश्न आहे.

शाळांचे वार्षिक अहवाल तुम्ही वाचले असतील. ग्रंथालयाविषयी त्यांत बहुधा एकच वाक्य असते : ग्रंथालयात अमुक इतकी पुस्तके असून विद्यार्थी त्यांचा लाभ घेतात. किती विद्यार्थी, कोणत्या वर्गाचे, कोणती पुस्तके, आणि ती त्यांच्या हाती कोणी दिली, ह्याचा पत्ता त्या वाक्यात नसतो. पुस्तके मोजली जातात. पुस्तके देणारा माणूस मोजला जात नाही. आज मला त्या माणसाविषयी बोलावयाचे आहे. त्यातही नव्याने रुजू झालेल्या ग्रंथपालाविषयी नव्हे, तर दहा, पंधरा, वीस वर्षे हे काम केलेल्या अनुभवी ग्रंथपालाविषयी.

प्रथम एक साधी तुलना करून पाहू. मी शिक्षक म्हणून लागलो. बारा वर्षांच्या सेवेनंतर मला वरिष्ठ वेतनश्रेणी आहे, चोवीस वर्षांनंतर निवड श्रेणी आहे, आणि दोन्हींसाठी प्रशिक्षण घ्यावे लागते. पुढे पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक, मुख्याध्यापक अशी पायरी आहे. सर्वच शिक्षक वर चढतात असे नाही, पण जिना आहे हे प्रत्येकाला दिसते. आता ह्याच नागपुरातील एखाद्या वरिष्ठ महाविद्यालयाचा ग्रंथपाल घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे त्याला प्राध्यापकांच्या तोडीची वेतनश्रेणी मिळते, निवडीसाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा आहे, आणि नंतर उजळणी वर्ग व कामाचे मूल्यमापन ह्यांच्या आधारे एक एक टप्पा वर जाण्याची सोय आहे.

शाळेच्या ग्रंथपालाचे काय? महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि त्याची नियमावली १९८१ मध्ये आली. नेमणूक, अर्हता, रजा, गोपनीय अहवाल ह्या सर्वांची तीत व्यवस्था आहे. परंतु आपल्या शाळांत ग्रंथपालाची गणना शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत होते, आणि त्याच्यापुढे ग्रंथपाल म्हणून चढण्याची पायरी नाही. ज्या पदावर तो पहिल्या दिवशी सही करतो, त्याच पदावरून बहुधा निरोपाचा हार घालून घेतो. मध्यंतरी ठराविक वर्षे भरली म्हणून पगारात थोडी वाढ होते. पण वर्षे भरली म्हणून मिळणारी वाढ आणि काम चढले म्हणून मिळणारा दर्जा ह्यांत फार अंतर आहे. पहिली वाढ कॅलेंडर देते. दुसरा दर्जा द्यायला जाणकार माणसे लागतात.

त्यातही हे पद पटसंख्येवर अवलंबून. मोठ्या पटाच्या शाळेला पूर्ण वेळ ग्रंथपाल, मध्यम पटाच्या शाळेत अर्धवेळ, आणि लहान शाळेत कोणीच नाही. तेथे एखाद्या शिक्षकाच्या खिशात कपाटाची किल्ली असते, एवढेच. अर्धवेळ ग्रंथपालाने अर्धा पगार घेऊन पूर्ण कपाटांची जबाबदारी वाहायची, ही आपल्या राज्यातील जुनी दुखणी आहेत. त्यांचा निकाल शासनदरबारी लागायचा आहे. मी आज त्यापुढचे एक पाऊल बोलतो आहे : पद असो पूर्ण वा अर्धे, त्या पदावरच्या माणसाचे कसब ओळखण्याची काही रीत आपल्याजवळ आहे काय?

कायद्याकडे पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके आणि गोष्टींची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. वाचून आनंद होतो. पण त्या ओळीत ग्रंथपाल नाही. शिक्षक किती असावेत ह्याचे कोष्टक त्याच परिशिष्टात आहे. पुस्तके सांभाळणाऱ्या व देणाऱ्या माणसाविषयी एक शब्द नाही. पुढे ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमती ट्रस्टच्या खटल्यात निर्णय दिला की हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही. म्हणजे आपल्यासारख्या संस्थांना त्या कायद्याखालचे ते ग्रंथालयाचे कलमही बांधत नाही. ह्याचा अर्थ आपली सुटका झाली असा घ्यावयाचा काय? मला तसे वाटत नाही. घटनेच्या तिसाव्या कलमाने आपल्याला आपल्या शाळा काढण्याचा व चालवण्याचा अधिकार दिला आहे. ज्याला दुसरा कोणी हिशेब विचारत नाही, त्याने आपला हिशेब आपणच अधिक कडक ठेवावा.

ही मागणी काही आजची नाही. स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी १९५२ मध्ये डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. ख्वाजा गुलाम सय्यदैन हे त्या आयोगाचे एक सभासद होते, हे येथे आवर्जून सांगण्यासारखे आहे. १९५३ मध्ये आलेल्या त्या अहवालाने शाळेच्या ग्रंथपालाविषयी स्पष्ट मत दिले : तो उच्च अर्हतेचा व प्रशिक्षित असावा, आणि वेतन व दर्जा ह्यांत त्याला ज्येष्ठ शिक्षकांच्या बरोबरीने ठेवावे. जवळजवळ सत्तर वर्षे उलटून गेली. मग २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. ग्रंथालयांना पुरेसा कर्मचारीवर्ग मिळावा आणि त्यांच्यासाठी योग्य अशी बढतीची वाट व सेवाकाळातील सततच्या प्रशिक्षणाची सोय आखावी, असे त्यातही लिहिले आहे. एका पिढीने म्हटले, दुसऱ्या पिढीने पुन्हा म्हटले. आखायचे मात्र राहून गेले.

आपल्या देशात ग्रंथपालांच्या शिक्षणाची सुरुवात उशिरा झाली असेही नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन ह्या ग्रंथपालाला बोलावून आणले आणि १९११ मध्ये बडोद्यात प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. १९१५ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात आसा डॉन डिकिन्सन ह्यांनी वर्ग चालवला. त्यांचेच शिष्य खान बहादूर असदुल्ला हे पुढे कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे ग्रंथपाल झाले, १९३३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ग्रंथालय संघाचे चिटणीस झाले, आणि १९३५ मध्ये त्यांनी त्या ग्रंथालयातच शिक्षणक्रम सुरू केला. मद्रासला डॉ. रंगनाथन ह्यांनी १९२९ मध्ये वर्ग काढला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात १९५१ मध्ये प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम सुरू झाला. आज तर नागपूर विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभाग आहे, आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ व दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ नोकरी सांभाळून ही पदवी घेण्याची सोय करते.

म्हणजे इमारतीचा पहिला मजला शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला. ग्रंथपाल होण्यासाठी काय शिकावे हे ठरले. पण चांगला ग्रंथपाल झाल्यावर ते कोणी, कसे ओळखावे, हा दुसरा मजला शाळांपुरता बांधलाच गेला नाही.

येथे कोणी विचारील की पदवी आहे, अनुभव आहे, मग आणखी दर्जा कसला ठरवता? आपल्या लकडगंजचेच उदाहरण देतो. ह्या वस्तीचे नावच लाकडावरून पडले. चंद्रपूर-बल्लारशाकडचा साग येथे येतो, तेव्हा ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याची खूण असते. माल कायदेशीर आहे एवढे ती खूण सांगते. पण त्यातून चौकट निघेल की नुसत्या फळ्या, पोटात गाठ आहे की पोकळी, हे ती खूण सांगत नाही. ते आरामशीनवरचा जुना मिस्त्री ओंडका फिरवून, टकटक वाजवून सांगतो. पदवी ही हातोड्याची खूण आहे. ती हवीच, तिच्यावाचून माल आत घेऊ नये. परंतु पंधरा वर्षांनंतर त्या माणसाच्या हातात काय कसब आले, हे कळायला जाणत्याची नजर लागते. ती नजर नुसती वैयक्तिक राहू नये, तिचे नियम ठरावेत, ते सर्वांना आधी माहीत असावेत, म्हणजे त्याला दर्जा म्हणता येईल.

शाळेच्या ग्रंथालयात अनुभवाने येते तरी काय? दाखल नोंदवही भरणे, वर्गीकरणाचा क्रमांक घालणे, तालिका ठेवणे हे शिकून येते. पण आपल्या शाळेत उर्दू, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांची पुस्तके एका खोलीत राहतात. उर्दूचे पान उजवीकडून उघडते, बाकीच्यांचे डावीकडून. सातवीतला मुलगा उर्दू भराभर वाचतो, मराठी मात्र अक्षर लावून वाचतो. त्याच्या हाती पहिल्याच दिवशी जाड मराठी कादंबरी दिली तर तो पुन्हा त्या कपाटाकडे फिरकणार नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक, जे १९७१ पासून निघते आहे, त्याचा एखादा चित्रांचा अंक आधी द्यावा, मग विज्ञानाचे छोटे पुस्तक, मग गोष्टींचे. आणि वर्षाअखेरीस तोच मुलगा मराठीचे पुस्तक स्वतः मागतो. हा क्रम कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेला नाही. मूल पाहून तो ठरवावा लागतो, आणि शेकडो मुले पाहिल्यावाचून तो कळत नाही. दहावीला मराठीत अडणारी आपली मुले आठवा, म्हणजे ह्या कसबाची किंमत कळेल.

शिवाय आपल्या पुष्कळ मुलांच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नसते. वडील वखारीत किंवा हमालीवर, आई घरी शिवणकाम करते, एका खोलीत सारे कुटुंब. अशा मुलाला शाळेचे ग्रंथालय हेच पहिले आणि कित्येकदा शेवटचे. तेथला माणूस कसा आहे, ह्यावर त्याचे वाचन चालू राहते किंवा कायमचे थांबते.

बाहेरच्या देशांनी ह्या बाबतीत काय केले ते थोडक्यात सांगतो. नक्कल करावी म्हणून नव्हे. वाट आहे हे दिसावे म्हणून.

अमेरिकेत १९८७ मध्ये शिक्षकांच्या व्यावसायिक मानकांसाठी एक राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. अनुभवी शिक्षकांना ते वरच्या दर्जाचे प्रमाणपत्र देते, आणि त्याच मंडळाने शालेय ग्रंथपालांसाठीही तसेच प्रमाणपत्र ठेवले आहे. ते घेण्याची सक्ती नाही. किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. एक भाग विषयज्ञानाच्या परीक्षेचा. बाकीचे तीन भाग प्रत्यक्ष कामाचे. मुलांनी केलेल्या कामाचे नमुने, मुलांना शिकवताना घेतलेले चित्रण, आणि आपल्या कामाचा स्वतः केलेला विचार, असे सर्व पाठवावे लागते. प्रमाणपत्र कायमचे नसते. पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. ह्यातील माझ्या मते महत्त्वाची गोष्ट ही की शिक्षक आणि ग्रंथपाल ह्यांना एकाच मंडळाने, एकाच मापाने मोजले.

इंग्लंडात ग्रंथपालांची व्यावसायिक संघटना १८७७ ची, तिला १८९८ मध्ये राजसनद मिळाली. तेथे पदवीनंतर काम करीत असता, एका ज्येष्ठ ग्रंथपालाच्या मार्गदर्शनाखाली आपल्या कामाची संचिका तयार करून सनदी ग्रंथपाल होता येते.

जपानची कथा मात्र आपल्याला जवळची वाटेल. तेथे १९५३ मध्येच शालेय ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा झाला आणि प्रत्येक शाळेत ग्रंथपाल-शिक्षक असावा असे ठरले. परंतु ‘तूर्त नसला तरी चालेल’ अशी एक सवलत त्याला जोडलेली होती. ते ‘तूर्त’ चव्वेचाळीस वर्षे टिकले! १९९७ मध्ये कायदा दुरुस्त झाला, आणि एप्रिल २००३ पासून बारा किंवा अधिक वर्गांच्या शाळांत ग्रंथपाल-शिक्षक सक्तीचा झाला. जपानसारख्या शिस्तीच्या देशात जर ‘तूर्त’ इतके लांबते, तर आपण शासनाच्या तोंडाकडे पाहत बसलो तर काय होईल ह्याचा विचार तुम्हीच करा.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. राज्याने अनुभवी शालेय ग्रंथपालांसाठी दर्जाचे प्रमाणपत्र सुरू करावे ही मागणी आपण अवश्य करावी. पण ते येईपर्यंत आपल्या संस्थेने आपल्या शाळांपुरते माप स्वतः ठरवावे. त्याला शासनाची परवानगी लागत नाही, इच्छा लागते.

ते माप पाच गोष्टींचे असावे असे मी सुचवतो.

पहिली गोष्ट देवघेव. कपाटात किती पुस्तके आहेत हे विचारू नये. वर्षभरात किती पुस्तके मुलांच्या घरी गेली, वर्गवार, हे विचारावे. देवघेव नोंदवही ही ग्रंथपालाची पहिली साक्षीदार.

दुसरी गोष्ट निवड. खरेदीच्या यादीत चारही भाषांना वाटा आहे काय, मुलांची मागणी कोठे नोंदवली जाते काय, जुनी व निरुपयोगी पुस्तके वेळेवर रद्द होतात काय, हे पाहावे. एकाच विक्रेत्याकडून गठ्ठ्याने आलेली पुस्तके म्हणजे निवड नव्हे.

तिसरी गोष्ट शिकवणे. अनुक्रमणिका कशी पाहावी, शब्दकोश कसा उघडावा, वर्तमानपत्रातील बातमी आणि जाहिरात ह्यांतील फरक कसा ओळखावा, मोबाइलवर आलेली माहिती पुस्तकाशी कशी ताडून पाहावी, हे मुलांना ग्रंथपाल शिकवतो काय? त्यासाठी वर्षातून किती तासिका त्याने घेतल्या आणि कोणत्या विषयशिक्षकाबरोबर?

चौथी गोष्ट मुलांची ओळख. न वाचणाऱ्या दहा मुलांची नावे त्याने घ्यावीत आणि वर्षभरात त्यांच्यासाठी काय केले ते लिहून ठेवावे. दहांपैकी चार जरी वाचू लागली तरी ते मोठे काम समजावे. आणि जी सहा वाचू लागली नाहीत, त्यांच्याविषयी त्याने काय विचार केला, हेही पाहावे.

पाचवी गोष्ट स्वतःचे शिक्षण. नव्या पुस्तकांची ओळख, संगणकावरील तालिका, राष्ट्रीय माहिती केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली, दुसऱ्या शाळेच्या ग्रंथालयाची भेट. वर्षाकाठी ह्यातले काही तरी घडले पाहिजे.

ह्या पाचांचे पुरावे एका संचिकेत जमा व्हावेत. पाच वर्षांच्या सेवेनंतर पहिला टप्पा, आणि शिक्षकांप्रमाणेच बारा वर्षांनंतर दुसरा. संचिका तपासण्यासाठी चार जणांची समिती असावी : विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्र विभागातील एक अध्यापक, दुसऱ्या शाळेचे एक मुख्याध्यापक, एक विषयशिक्षक आणि एक निवृत्त ग्रंथपाल. आपल्याच शाळेचे मुख्याध्यापक त्यात नसावेत, म्हणजे गोपनीय अहवालाची सावली तिच्यावर पडणार नाही. समितीने कागद पाहून थांबू नये. एक दिवस ग्रंथालयात बसावे आणि मुलांशी बोलावे. निकाल लेखी द्यावा, आणि कमी पडले असेल तर काय कमी पडले हे सांगून पुन्हा संधी द्यावी.

मग ह्या दर्जाचे फळ काय? नुसता कागद भिंतीवर लावायचा असेल तर हा खटाटोप न केलेला बरा. दर्जा मिळालेल्या ग्रंथपालाला संस्थेने आपल्या निधीतून दरमहा भत्ता द्यावा. शिक्षकांच्या बैठकीत त्याला बोलण्याच्या हक्काने बसवावे. वेळापत्रकात प्रत्येक वर्गाला ग्रंथालयाची तासिका द्यावी, आणि ती गणिताच्या जादा तासासाठी काढून घेऊ नये. पुस्तक-खरेदीच्या समितीत त्याचे मत शेवटचे असावे. आणि ज्याच्याजवळ फक्त प्रमाणपत्र आहे, त्याला मुक्त विद्यापीठातून पदवी घेण्यासाठी फी द्यावी.

आणखी एक गोष्ट, आणि ती फार महत्त्वाची आहे. ग्रंथपाल पुस्तके बाहेर का काढत नाही, ह्याचे मूळ कित्येकदा भीतीत असते. साठा पडताळणीत पुस्तक कमी भरले की वसुली त्याच्या पगारातून होईल, ही ती भीती. मग कपाटाला कुलूप हाच शहाणपणा ठरतो. एका शाळेत मी पाहिले आहे, तेथले कोशांचे नवे कोरे खंड वर्षानुवर्षे काचेआड होते. एकही पान मळलेले नव्हते, आणि साठा पडताळणीचा शेरा होता ‘उत्तम’! केंद्र शासनाचे २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियम ह्याहून शहाणे आहेत. वर्षभरात दिलेल्या वा हाताळल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके हरवली तर ते नुकसान वाजवी समजावे, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी, असे त्यांत म्हटले आहे. हजार रुपयांवरील आणि दुर्मिळ पुस्तकांची चौकशी मात्र व्हावी. हे नियम खाजगी शाळांना बंधनकारक नाहीत, पण आपल्या संस्थेला तसा ठराव करण्यापासून कोणी अडवलेले नाही. ग्रंथपालाकडून वरचा दर्जा मागायचा तर आधी त्याच्या डोक्यावरची ही टांगती तलवार काढा.

आता दोन-तीन शंकांचा विचार करतो, कारण सभेतही त्या निघाल्या.

पहिली शंका : हे म्हणजे बिचाऱ्या ग्रंथपालावर आणखी एक परीक्षा लादणे नव्हे काय? मी म्हणतो, लादू नका. ज्याला घ्यायची त्याने घ्यावी. न घेणाऱ्याचे काही कमी होऊ नये. पण ज्याने वीस वर्षे मनापासून काम केले आणि ज्याने वीस वर्षे खुर्ची राखली, ते दोघे आज एकाच ओळीत उभे आहेत. हा अन्याय पहिल्यावर आहे, आणि परीक्षा नसणे हेच त्याचे कारण आहे.

दुसरी शंका : अर्धवेळ ग्रंथपालाकडून एवढे कसे मागता? प्रश्न रास्त आहे. म्हणून माप त्याच्या तासांच्या प्रमाणात असावे. दोन तासांत जो मनुष्य पन्नास मुलांना पुस्तके देतो, तो सहा तासांत तीस मुलांना देणाऱ्यापेक्षा कमी कसबी कसा?

तिसरी शंका पैशाची. चार-पाच शाळांच्या संस्थेत दर्जा घेणारे ग्रंथपाल किती असणार? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर आणि पाहुण्यांच्या शालींवर आपण जे खर्चतो, त्यातून थोडे वाचवले तरी त्यांचा वर्षाचा भत्ता निघण्यासारखा आहे. पैसा नसतो असे नाही. तो कोठे घालावा ह्याची सवय नसते.

चौथी शंका कोणी बोलून दाखवली नाही, पण ती मनात असते, म्हणून मीच सांगतो. ग्रंथपाल शिक्षकांच्या बरोबरीला आला तर आम्हा शिक्षकांचे काय उरले? ह्यावर रंगनाथन ह्यांचे उदाहरण पुरेसे आहे. ते मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया त्यांनी घातला. १९३१ मध्ये आलेल्या त्यांच्या पंचसूत्रीचे सारे सूत्र हेच की पुस्तक वापरासाठी असते, आणि वाचणारा व पुस्तक ह्यांची गाठ पडली पाहिजे. शिक्षकाने ग्रंथपाल होण्याने शिक्षकी पेशाची मान खाली गेली नाही. शिक्षक आणि ग्रंथपाल ह्यांच्यामधली भिंत सेवानियमांच्या कागदावर आहे. मुलाच्या दृष्टीने दोघेही त्याला शिकवणारेच.

वाचकहो, तुम्ही पालक असाल, शिक्षक असाल, संस्थेचे सभासद असाल किंवा एके काळी ह्याच शाळांचे विद्यार्थी असाल. तुम्हांला मी तीन कामे सांगून थांबतो. पालक असाल तर पुढच्या पालकसभेत गुणांबरोबर एवढेही विचारा, की माझ्या मुलाने ह्या सहामाहीत ग्रंथालयातून किती पुस्तके घरी आणली? शिक्षक असाल तर येत्या सत्रात एक तरी पाठ आपल्या ग्रंथपालाबरोबर बसून आखा. आणि संस्थेचे सभासद असाल, तर वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हे दोन ठराव घाला : अनुभवी ग्रंथपालांच्या दर्जासाठी समिती नेमणे, आणि पुस्तकांच्या वाजवी नुकसानीची वसुली ग्रंथपालाच्या पगारातून न करणे. सूचक म्हणून कोणी पुढे यावे. अनुमोदक म्हणून माझे नाव आजच लिहून घ्या.



— एक शिक्षक, बी.ए., बी.एड., लकडगंज, नागपूर